घराखालचे झाडेसाहेब

झाडेसाहेबांचे मला आधी पाय दिसले.

बोरगाव मेघेच्या टोकाला, जिथं त्या वेळी वस्ती संपून कपाशीच्या पऱ्हाटीची वावरं सुरू व्हायची, तिथं उंच जोत्याचं एक कौलारू घर होतं. सायकल कुंपणाला टेकवून मी दोनदा हाक मारली. दारात कुणी आलं नाही. मागच्या अंगाला गेलो तर जोत्यात एक बुटकं लाकडी दार उघडं होतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते, पालथे. पायात काळ्या मऊ रबराच्या, टाचेमागून पट्टा बांधायच्या चपला. मी कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामावर नवीनच लागलो होतो आणि तसल्या चपला आम्हीच वाटत होतो. माणूस न बघताच मी बरोबर ठिकाणी आलोय हे मला कळलं.

"नारायणराव झाडे तुम्हीच का?"

"मीच जी," आतून घुमल्यासारखा आवाज आला. "थोडं थांबा. ओल पाहून राह्यलो."

मग ते मागे मागे सरकत बाहेर आले. उंच, वाळके, खाकी अर्धी पँट आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा. डाव्या गालावर मातीचा डाग. दुपट्ट्यानं तो पुसत ते माझ्यापासून जरा लांबच उभे राहिले आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, शाळेत नखं दाखवतात तसे. दोन्ही हातांची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पिसानं तळव्याला, बोटांना, मनगटाला स्पर्श करत गेलो. स्पर्श कळला की सांगा म्हटलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. कोपराच्या जरा खाली आलो तेव्हा म्हणाले, "हं. इथं."

हे पंचाहत्तर सालातलं. त्यांचा आजार थांबून बरीच वर्षं झाली होती, गोळ्या पूर्ण झाल्या होत्या, त्यांच्यापासून कुणाला काही होण्यासारखं राहिलं नव्हतं. हातापायांतली जाणीव तेवढी गेली ती गेली. माझं काम एवढंच, की अधूनमधून येऊन त्यांच्या हातापायांवर कुठं जखम नाही ना ते पाहायचं, आणि त्यांनाही रोज पाहायला सांगायचं. जे दुखत नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं, हे वाक्य मी तेव्हा घरोघरी म्हणत असे.

झाडेसाहेब रस्ते-इमारतींकडे ओव्हरसियर होते. मूळ तळेगावचे, शेतकरी घरातले. नोकरीत त्यांच्याकडे आर्वीकडच्या जंगलातले डाकबंगले दुरुस्तीला असायचे आणि तिथली बांधायची तऱ्हा त्यांच्या मनात भरली. दगडी खांब, खांबांवर सागाचे दांडे, दांड्यांवर फळ्यांची जमीन, आणि खाली माणूस सरपटत जाईल एवढी मोकळी जागा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट बसवलेली फरशी दोन-तीन वर्षांत उखडते. तेव्हा घर मातीपासून उचलूनच बांधायचं असं त्यांनी ठरवलं. चारी बाजूंच्या जोत्यात हवा खेळायला लोखंडी जाळ्या ठेवल्या. खालच्या जागेला ते बोगदा म्हणत. त्यांच्यामुळे आम्हीही म्हणायला लागलो.

अशा घराचं एक असतं. खाली ओल धरली की फळ्या खालून सडतात, दांड्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागते, आणि वर राहणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून ते दर दोन-चार दिवसांनी बोगद्यात उतरत. हातांना गार-कोरडं कळत नव्हतं, म्हणून दांड्याला गाल लावून बघत. एकेका दांड्याला, टोकापासून टोकापर्यंत. कान लावल्यासारखं दिसायचं ते. गावातल्या लोकांना वाटे, ओवरसेर घराखाली जाऊन काही पूजाबिजा करतो. ओवरसेर हे त्यांचं गावातलं नाव.

बोगद्यात चार कोपऱ्यांत त्यांनी चार काडेपेट्या ठेवल्या होत्या. काडी पहिल्या घासण्यातच पेटली तर ठीक. फुसफुसली तर त्या कोपऱ्याची जाळी बघायची, बाहेरचं गवत काढायचं, चुन्याची पूड टाकायची. पावसाळ्यात पश्चिमेच्या जाळ्यांवर ते पत्र्याची झाकणं लावत आणि उघाड पडली की सगळी काढत. हे सगळं ते कुणाला समजावून सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "खाली कोरडं असलं पाहिजे. बाकी काई नाई."

त्या घराचे मुळातच दोन भाग होते. दोन स्वयंपाकघरं, दोन ओसऱ्या. एक भाग भाड्यानं द्यायचा म्हणून रिकामा होता, पण कुणी येत नव्हतं. सत्याहत्तर साली माझं लग्न झालं आणि मी खोली शोधत होतो, तेव्हा मीच त्यांना विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"बाईले विचारलं काय?"

"सांगितलंय."

"सांगतलं नाई म्हणत मी. विचारलं काय?"

मी सुधाला नीट विचारलं. ती अमरावतीकडची, शिकलेली, पण पहिले काही महिने ती त्यांच्या ओसरीकडे फिरकली नाही. वाळत घातलेले कपडे त्यांच्या कपड्यांपासून लांब घाले. त्यांनी ते पाहिलं असणार. एके दिवशी त्यांनी स्वतःहून आपली दोरी उचलून कुंपणापलीकडच्या बाभळीला बांधली. सुधाला लाज वाटली. तिनं मला ते पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

त्यांच्यात पहिलं खरं बोलणं झालं ते दोडक्याच्या वेलावरून. सुधानं भिंतीलगत आळं करून दोडका लावला आणि भांडी धुतलेलं पाणी त्याला घालायला सुरुवात केली. वेल चांगला चढला. झाडेसाहेब ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिले.

"बाई, तो वेल मी उचलून तिकडं, कुंपणापाशी लावून देऊ का? मांडव करून देतो."

"इथं काय झालं, काका?"

"पानी भितीच्या बुडाशी मुरून राह्यलं. खाली जाते."

"चार भांड्यांचं पाणी. त्यानं काय होतं?"

"रोजचं आहे ना," ते म्हणाले.

त्यांनी मुळाभोवतीची माती न सांडता तो वेल उचलला. मांडव घातला, दोडके आले. सुधानं पहिला दोडका त्यांना नेऊन दिला आणि तेव्हापासून ती त्यांच्या ओसरीवर बसायला लागली. चहा दिला तर ते आपला कप घेऊन येत. आमच्या कपात घ्या म्हटलं तरी ऐकत नसत. "असू द्या," म्हणत. तो मुद्दा आम्ही पुढे सोडून दिला.

घरातल्या माणसांबद्दल ते आपणहून बोलले नाहीत. मला जे कळलं ते तुकड्या-तुकड्यांनी, बहुतेक वेळा हात तपासताना. माणूस आपला हात दुसऱ्याच्या हातात असताना थोडं बोलतो. बायकोचं नाव विमल. मुलगी शोभा. घर बांधून होत आलं होतं, खिडक्यांना काचा बसायच्या राहिल्या होत्या. साइटवर उभं असताना बिडी बोटापर्यंत जळत आली आणि यांना कळलं नाही, मुकादमाला वास आला. मग दवाखाना, मग निदान. विमलबाईंचे भाऊ बाबाराव केळझरहून आले आणि मायलेकींना घेऊन गेले. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

"भांडण झालं का?" मी एकदा विचारलं.

"नाई. मीच म्हटलं घेऊन जा. पोट्टी लहान होती." दुसरा हात पुढे करत म्हणाले, "मंग मी काचा बसवल्या."

नोकरी त्यांनी स्वतःच सोडली. घरातला मधला हॉल त्यांनी कधी वापरला नाही. तो झाडून, पुसून बंद असायचा. ते मागच्या खोलीत राहत.

एका वर्षी वरच्या वावराचा बांध फुटला आणि सगळं पाणी आमच्या अंगणात घुसलं. सकाळी उठलो तर आमची दारं चौकटीत अडकलेली. खालची माती फुगून एक खांब वर उचलला गेला होता आणि हॉलची जमीन मधोमध फुगली होती. बोगद्यात वीतभर पाणी. झाडेसाहेब कुदळ घेऊन बाहेर पडले आणि घराभोवती चर खणायला लागले. मी, शेजारच्या वावरातले दोन गडी, सगळे लागलो. चर उतारानं नाल्यापर्यंत नेला. पाणी हळूहळू ओसरलं. पुढचे कितीतरी दिवस ते बोगद्यात होते. मऊ झालेली माती खरवडून बाहेर काढली, मुरूम आत नेऊन चोपला, त्यावर खताच्या पोत्यांतलं प्लास्टिक उसवून, एकावर एक कड घेऊन अंथरलं, म्हणजे मातीची वाफ वर दांड्यांपर्यंत जाऊ नये.

त्याच कामात एका संध्याकाळी ते ओसरीवर भाकरी खायला बसले आणि सुधाला त्यांच्या हातांचा रंग वेगळा दिसला. तिनं मला बोलावलं. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुटली होती. प्लास्टिकखाली पसरायला त्यांनी कळीचा चुना नेला होता. हाताला बांधलेली पोत्याची फडकी ओल्यात फाटली, आणि ते तसेच उघड्या हातांनी पसरत राहिले.

"काका, कळलं नाही तुम्हाला?" सुधा म्हणाली आणि लगेच पाणी आणायला उठली.

"नाई," ते म्हणाले. "पाहाले पाह्यजे होतं. तिथं अंधार होता."

मी हात धुऊन मलमपट्टी केली. दोन महिने गेले भरायला. त्या दोन महिन्यांत ते बोगद्याच्या दाराशी बसून मला सांगत आणि मी आत जाऊन बघत असे. तेव्हा मी पहिल्यांदा तिथं पुरता आत गेलो. आत स्वच्छ होतं. कुठं जाळं नाही, कचरा नाही. जाळ्यांतून पट्ट्यापट्ट्यांचा उजेड येत होता. हॉलच्या खाली मधल्या दांड्याला मी गाल लावला. गार लागला. बाहेर येऊन तसं सांगितलं.

"मधला ना," ते म्हणाले. "तो गेला थोडा."

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचा हिवाळा असेल. दुपारी बाबाराव आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. जाड, घामेजलेला, सभ्य माणूस. झाडेसाहेबांनी खुर्ची पुढे केली, पण ते आपल्या सायकलला टेकून अंगणातच उभे राहिले. मी आमच्या ओसरीवर दाढी करत होतो. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि मी उठलो नाही.

"शोभाचं जमून राह्यलं," बाबाराव म्हणाले.

"चांगलं आहे."

"पोरगा मास्तर आहे. घरचे लोकं बी बरे आहेत."

"चांगलं आहे."

"त्यायचं म्हननं, साक्षगंध पोरीच्या बापाच्या घरी व्हावं. घर पाहाचं आहे त्यायले. विमल म्हने, घर तर आहे बांधेल."

"घर तिचंच आहे. घ्या ना."

बाबाराव सायकलची घंटी बोटानं नुसती फिरवत राहिले. "अन् तुमी..."

"माझं काय सांगतलं त्यायले?"

"लकवा मारला म्हनून सांगतलं. नागपूरले भरती आहे म्हनून."

झाडेसाहेबांनी मान हलवली. एखाद्यानं रस्ता कुठून जातो ते सांगावं आणि आपण ते समजून घ्यावं, तशी. मग विचारलं, "किती मानसं येतीन?"

"साठेक."

"साठ," ते म्हणाले आणि बंद हॉलच्या दाराकडे बघत राहिले. "मधला दांडा पाहा लागन."

दुसऱ्या दिवशी गाडीभर बाभळीची बल्ली आली. ती कापून त्यांनी टेकू केले आणि मधल्या दांड्याखाली, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांखाली उभे केले. खाली दगडी चिपा, वर लाकडी पाचरी. हॉल उघडला. सुधानं तो पुसला, खिडक्यांच्या काचा पुसल्या. वीस वर्षं न वापरलेल्या हॉलच्या काचा होत्या, तरी त्यांच्यावर धूळ फारशी नव्हती. झाडेसाहेब मधूनमधून पुसत असणार.

असं ठरलं होतं की साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी आमच्या भागातल्या आतल्या खोलीत बसायचं आणि दार लावून घ्यायचं. सकाळी त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर आणि नवा पांढरा सदरा घातला. केस नीट बसवले. पाहुण्यांच्या दोन मोटारी दिसल्या तेव्हा मी त्यांना आमच्याकडे न्यायला गेलो, तर त्यांच्या खोलीत ते नव्हते. मागे बोगद्याचं दार उघडं होतं.

मी वाकून पाहिलं. नव्या सदऱ्यात ते मधल्या दांड्याखाली उताणे झोपले होते. शेजारी हातोडा.

"काका, बाहेर या. खोलीत बसा."

"साठ मानसं बसतीन वर," ते म्हणाले. "इथं कोनी पाह्यजे."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दाराशी एक उपडी बादली ठेवून तिच्यावर बसलो. त्यांच्या हातांची मला काळजी होती.

पुढच्या जाळ्यांतून अंगण दिसत होतं, म्हणजे जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं अंगण. चपला, बूट, नऊवारीचे काठ. लोक पायऱ्या चढत होते आणि वर फळ्यांवर पावलं वाजत होती. मग बायकांचा घोळका आला. त्यात दोन पाय लाल माहूर लावलेले, पैंजण घातलेले. ते पाय पायरीशी थांबले, कुणीतरी आतून काहीतरी सांगितलं, आणि मग हळूच वर गेले.

झाडेसाहेबांनी मान वळवून पाहिलं होतं.

"तेच ना?" त्यांनी मला विचारलं.

"तीच असणार."

ते पुन्हा दांड्याकडे बघायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "पाय माझ्या मायसारखे आहेत."

वर काय चाललं होतं ते मला नंतर सुधानं सांगितलं. मुलाकडच्यांना घर आवडलं होतं. मुलाचे वडील म्हणाले, असं घर वर्ध्यात पाहिलं नाही. मुलीची ओटी भरायची वेळ आली तशा सगळ्या बायका उठून हॉलच्या मधोमध गोळा झाल्या, पुरुष फोटोसाठी मागे दाटीनं उभे राहिले. खाली आम्हाला फक्त करकर ऐकू आली. मधला दांडा वाकला. एका टेकूवरची पाचर निसटून खाली पडली आणि टेकू तिरपा झाला.

झाडेसाहेबांनी टेकू खांद्यानं रेटून सरळ केला आणि तसाच धरून ठेवला. एका हातानं पाचर चाचपडली. हाताला ती कळत नव्हती, म्हणून बघून उचलावी लागली. ती फटीत बसवली आणि ठोकली. एकदा. थांबले. वर बायका गाणं म्हणत होत्या. गाण्याचा आवाज चढला की ते ठोकत, उतरला की थांबत. मी आत जायला वाकलो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

गाणं संपलं तेव्हा शेवटचा एक ठोका राहिला होता. तो शांततेत पडला.

वर मुलाच्या वडिलांनी विचारलं, "खाली काय ठोकून राह्यलं जी?"

"घुशी आहेत," बाबाराव म्हणाले. "काळ्या मातीत लय घुशी."

कुणीतरी हसलं. मग ताटं मांडायची गडबड सुरू झाली.

सगळे निघून जाईपर्यंत झाडेसाहेब बाहेर आले नाहीत. आले तेव्हा सदऱ्याच्या पुढच्या भागावर रक्त होतं. मी दाखवलं तेव्हा त्यांनी आधी छातीकडे पाहिलं, मग हाताकडे. अंगठ्याच्या खाली तळवा फाटला होता आणि लाकडाची लांब कपची आत बसली होती. मी ओसरीवर बसवून ती काढायला घेतली. ते माझ्या चिमट्याकडे बघत होते.

तेवढ्यात विमलबाई आल्या. त्या सामान आवरायला मागे राहिल्या होत्या, बाबाराव रस्त्यावर बैलगाडीपाशी उभे होते. मोठं कुंकू लावलेल्या, साध्या, थकलेल्या बाई. त्या ओसरीच्या पायरीशी थांबल्या. मी उठायला लागलो, पण झाडेसाहेबांच्या तळव्यातली कपची अजून माझ्या चिमट्यात होती.

"लागलं?" त्या म्हणाल्या.

"थोडं."

विमलबाईंनी पायानं जमीन चाचपल्यासारखं केलं.

"घर कोरडं ठेवलं तुमी."

"हो," झाडेसाहेब म्हणाले. "मधला दांडा तेवढा बदला लागन."

"चहा ठेवू का?" विमलबाई म्हणाल्या. "आत दूध उरलं आहे."

"नको. बाबाराव थांबून राह्यले."

त्यांनी पदर सारखा केला आणि त्या गेल्या. मी कपची काढली. झाडेसाहेब मला म्हणाले, "निंघाली का पूर्ण? पाहून घ्या." मी पुन्हा पाहिलं. निघाली होती.

लग्न केळझरला झालं. ते गेले नाहीत, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी हॉलचं दार लावून घेतलं आणि दिवसभर मधला दांडा कापत बसले. नवा सागाचा दांडा बसवायला त्यांना तो उन्हाळा पुरला.

वर्ष झालं नसेल. आमच्या तपासणीच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी, एक सासू सुनेला घेऊन आली. शोभाच्या वडिलांबद्दल खरं काय ते कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. सुनेची पाठ, हात, पाय सगळं तपासायचं होतं. आमच्या बाई कर्मचाऱ्यांनी आडोशाला नेऊन अंग पाहिलं, मी हात आणि पाय पाहिले. पिसानं तळव्याला स्पर्श केला. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "हो." कुठंही काही नव्हतं. डॉक्टरांनी सासूला समोर बसवून ते दोनदा सांगितलं. सासूनं ऐकून घेतलं, पण तिसऱ्यांदा विचारलं.

सासू पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा शोभा माझ्यासमोर बसून होती.

"तुमी बोरगावले राहता ना. त्या घरात. साक्षगंधाच्या दिवशी तुमच्या बाईनं मले पाणी देलं होतं."

"हो."

"खाली घुशी नव्हत्या."

मी पीस डबीत ठेवलं.

"मले तवाच वाटलं," ती म्हणाली. "घूस गाण्याचा आवाज चढाची वाट नाई पाहत."

"ते तिथंच असतात," मी म्हणालो. "नागपूरला कधी नव्हते."

तिनं हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहिलं. चेहऱ्यावर काही बदल दिसला नाही. सासू आली तशी ती उठली.

शोभा पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी कामावर होतो. सुधा सांगते, दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसले होते. झाडेसाहेबांनी तिला काय सांगितलं तर घराचं. खांब किती, दांडे कुठले, पाणी कुठून येतं, जाळ्या कधी उघडायच्या. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मी लहान असतानी इथं राह्यली काय कधी?" ते म्हणाले, "एक दिवस. काचा नव्हत्या तवा." ऊन उतरलं तशी ती गेली.

मग ती येत राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी. नवरा तिला मोपेडवर घेऊन यायचा. तो घरापर्यंत येत नसे. अलीकडच्या नाल्यावरच्या छोट्या पुलावर, रपट्यावर, गाडी उभी करून कठड्यावर बसायचा आणि ती परत येईपर्यंत पेपर वाचायचा. वाईट माणूस नव्हता. बायकोला नांदवत होता, घेऊन येत होता. त्याच्याच्यानं एवढंच होत होतं. झाडेसाहेबांनी त्याला कधी आत बोलावलं नाही. उन्हाळ्यात मात्र शोभाच्या हाती त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या पाठवत, आमच्या घरचा. तांब्या आमच्या घरचा आहे हे तिनं त्याला सांगावं, असंही म्हणत.

विमलबाई पुन्हा आल्या नाहीत. एकदा त्यांनी लोणच्याची बरणी पाठवली. झाडेसाहेबांनी ती संपेपर्यंत रोज थोडं खाल्लं आणि बरणी घासून परत दिली.

शहाऐंशी साली माझी बदली चंद्रपूरकडे झाली. सामान ट्रकमध्ये चढवून झालं होतं. निरोप आदल्या दिवशीच झाला होता. झाडेसाहेबांनी आमच्या लहान मुलीकडे नेहमीसारखं लांबूनच पाहिलं होतं आणि सुधाला म्हणाले होते, नव्या घरी भितीला पाठ लावून झोपू देऊ नका, आधी वर्षभर ओल पाहा. मला म्हणाले होते, "येजो." आजवर ते मला अहो-जाहोच करत आले होते. तेवढं एकदाच मला एकेरी म्हणाले.

ट्रक वळवायला ड्रायव्हरनं वेळ घेतला, म्हणून मी पुन्हा एकदा त्या घराकडे पाहिलं. शोभा आली होती. ती ओसरीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर वडिलांचा उजवा हात होता. वळलेली बोटं एकेक करून सरळ धरून ती त्यांची नखं काढत होती. आम्ही निघालो हे त्यांना ऐकू आलं असणार, पण त्यांनी मान वर केली नाही. त्यांची नजर आपल्या हातावरच होती. मुलीनं हात धरलाय हे त्यांना बघूनच कळत होतं, आणि ते बघत होते.